कोण कुठे झोपणार

बटण दाबायचं राहिलं, एवढंच झालं. कानाच्या दवाखान्यात रोज सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी, ती स्वतः त्या जाड भिंतींच्या चिमुकल्या खोलीत जाऊन बसे, हेडफोन लावे, आणि काचेपलीकडून काउंटरवरच्या बाई मशीनचं चाक फिरवून एकेक आवाज सोडत. आधी मोठा, मग लहान, मग त्याहून लहान, शेवटी इतका बारीक की तो कानात वाजला की नुसता मनात आला हे सांगता येऊ नये. ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं, की काचेपलीकडे लाल दिवा लागतो. मशीन ठीक आहे की नाही हे पाहायची ही साधी रीत होती. तिचे कान चांगले हे सगळ्या दवाखान्याला ठाऊक होतं, तेव्हा तिला ऐकू आलं नाही तर दोष मशीनचा. बारा वर्षं हे असंच चाललेलं. त्या गुरुवारी, वर्षाअखेरची सुट्टी नऊ दिवसांवर आलेली असताना, दिवा लागला नाही. बाईंनी आवाज वाढवला. तरी नाही. आणखी वाढवला, तेव्हा काचेतून त्यांचं तोंड हललेलं तिला दिसलं, बहुधा "अगं बाई" म्हणाल्या असाव्यात, आणि त्या उठून दार उघडायला आल्या.

मशीनवाला दुपारी आला. त्याने मागचं झाकण उघडलं, वायरी ओढून पाहिल्या, स्वतःच हेडफोन लावून बसला आणि म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. कान कुणाचे होते?" बाई हसल्या, तोही हसला. ती म्हणाली, "सर्दी झालीय जरा." ही शुद्ध थाप होती. सर्दी नव्हती, आणि ऐकू तर सगळं आलं होतं. पहिला आवाज आला तेव्हा तिने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं होतं. अंगठा बटणावर होता, नख नीट कापलेलं होतं. आता हा दाबेल, असं तिला वाटलं होतं, दुसऱ्या कुणाच्या अंगठ्याबद्दल वाटावं तसं. तो दाबला गेला नाही. आवाज वाढत वाढत गेला आणि ती त्या मऊ भिंतींच्या मधोमध बसून राहिली. भीती नाही, वाईट नाही, काही नाही. दार उघडलं तेव्हा मात्र एक क्षणभर वाटलं, इतक्यात कशाला उघडलं.

दुपारी बाईंनी विचारलं, "डबा खाल्लात का?" आणि खाल्ला की नाही हे बघायला तिला डबा उघडावा लागला. खाल्ला होता. हल्ली हे असं व्हायचं. पोटात काहीतरी गेलेलं असायचं, पण आत जाताना ते तिला न भेटताच गेलेलं असायचं. नंतर एक निवृत्त शिंपी आले तपासणीला, सुनेने आणलेले. हे आजोबा आवाज यायच्या आधीच बटण दाबत. तिने काही सोडलं नाही तरी दिवा लागायचा, पुन्हा लागायचा. असे पुष्कळ येतात. नापास होऊ की काय या धास्तीने ते काहीच वाजत नसताना दाबत राहतात, आणि त्यांना ओरडून चालत नाही, हळूच सांगावं लागतं. ती आत गेली आणि नेहमीसारखं म्हणाली, "आजोबा, काही आलं नाही तर काही करू नका. नुसतं बसा." शिंपी ओशाळून म्हणाले, "नुसतं बसवत नाही हो." त्यांच्या कानांचा आलेख काढताना तिच्या डोक्यात ते वाक्य घोळत राहिलं, पण त्याला काही चिकटलं नाही, तसंच आलं आणि तसंच गेलं.

तशी तीही न वाजताच दाबणाऱ्यांतली. सासरी हाक यायच्या आधी ती उठलेली असायची. सासूबाईंनी चष्म्यासाठी उशीखाली हात घालायच्या आत चष्मा त्यांच्या हातात. ताईंनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीने, "पाण्याची..." म्हणायच्या आत बाटली टेबलावर. या गोष्टीचं त्या घरात भारी कौतुक होतं. "हिला सांगावं लागत नाही," असं ताई येईल त्याला सांगत, आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षं ते ऐकून तिला खरोखर मूठभर मांस चढायचं, खोटं कशाला बोला. वर्षाअखेरीला सगळीकडे आठ दिवस सुट्टी असते, आणि ते आठ दिवस सगळे तिच्या घरी जमायचे. का, तर तिचं घर मध्यावर पडतं, आणि दुसरं म्हणजे ताईंच्या शब्दांत, "तिथे कसं मोकळं वाटतं." ताई, त्यांचे यजमान, त्यांची दोन मुलं, दीर, जाऊ, त्यांची दोन, दिरांकडे राहणाऱ्या सासूबाई, आणि घरातली तीन माणसं. अशी बारा. आपला नंबर बारावा, हे तिला पाठ होतं, कारण बारा ताटं तीच मांडायची.

त्या संध्याकाळी तिने कपाटातून जाड वहीचा कागद आणि पट्टी काढली. दरवर्षीचं काम होतं ते. घराचा नकाशा काढायचा, त्यात खोल्या, खोल्यांत गाद्या, आणि प्रत्येक गादीवर नाव. कोण कुठे झोपणार याचा कागद रविवारपर्यंत घरच्या ग्रुपवर गेलाच पाहिजे, कारण त्याप्रमाणे कुणी चादरी आणायच्या, कुणी उशा, ते ठरायचं. एकदा कागद गेला की बदल नाही. सासरच्या घराण्यात माणसांच्या शब्दावर हुज्जत चालायची, पण कागदावर लिहिलेलं सगळे मुकाट्याने मानत. हा कागद तिला सासूबाईंकडून आला होता, त्या थकल्या त्या वर्षी. जुन्या घरात त्या स्वतः काढायच्या. कसा काढायचा ते त्यांनी शेजारी बसवून शिकवलं होतं: आधी पाठ दुखणारी माणसं, मग लहान मुलं, मग घोरणारे, मग उरलेले. त्यांचा जुना कागद नमुन्यादाखल तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. तोच समोर ठेवून ती दरवर्षी काढायची, अगदी अक्षराची तऱ्हासुद्धा तशी.

मुलगी चौदा वर्षांची, घरात तिला चिमी म्हणत. ती येऊन टेबलाला रेलून उभी राहिली. तिचं लक्ष तिच्या स्वतःच्या खोलीकडे होतं, त्या खोलीत यंदा काका-काकू नकोत, काका घोरतात, वगैरे. ती बोटाने नावं मोजत होती. मग तिने मागच्या वर्षीचा कागद ओढला, त्यावरची मोजली. त्याच्या मागच्या वर्षीचा. "आई," ती म्हणाली, "यात तू कुठे आहेस?"

"असेन की."

"नाहीयेस. अकराच आहेत. हे बघ. याच्यात पण अकरा."

तिने मोजलं. अकरा. तिने सगळे कागद काढले, नऊ वर्षांचे नऊ, सगळे तिच्याच हातचे, पट्टीने आखलेले, आणि एकेक मोजला. जेवायला बारा आणि झोपायला अकरा. नऊ वर्षं हे कागद ग्रुपवर गेले होते, सगळ्यांनी पाहिले होते, पसंतीचे अंगठे टाकले होते, उशांवरून वाद घातले होते. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. तिच्या स्वतःच्या लक्षात आलं नव्हतं. ती तिथेच पेन्सिल धरून बसली आणि आठवायला लागली, मी कुठे झोपायचे. एका वर्षी स्वयंपाकघरात, हे नक्की, कारण फ्रिजच्या घरघरीने डोकं उठलं होतं. एका वर्षी सासूबाईंच्या दिवाणाच्या पायथ्याशी, कारण त्यांना ताप होता. बाकी सात वर्षं? तिला जेवणं आठवत होती, कुणाला काय लागतं ते आठवत होतं, दिराच्या धाकट्याने कुठल्या गादीवर उलटी केली ते आठवत होतं. स्वतःचं अंग कुठे टाकलं ते आठवेना. शेवटी निजायचं आणि सगळ्यांच्या आधी उठायचं, मधलं काही साठलंच नव्हतं. चिमीने आजीचा जुना कागद पिशवीतून काढला आणि त्याच्यावरही बोट फिरवलं. "आजी पण नाहीये गं यात," ती म्हणाली.

नवरा आला तेव्हा तिने विचारलं, "सुट्टीत सगळे येतात तेव्हा मी कुठे झोपते?"

"कुठे म्हणजे?" तो बूट काढत म्हणाला. "तू काय, कुठेही झोपतेस."

"कुठेही म्हणजे कुठे?"

तो एका पायात बूट तसाच ठेवून विचार करू लागला. माणूस वाईट नव्हता, मनापासून आठवत होता. "हॉलमध्ये," तो म्हणाला. "नाही, हॉलमध्ये मी असतो. आतल्या खोलीत... नाही, तिथे ताई. थांब हं." तिने थांबून पाहिलं. तो दुसरा बूट काढायचं विसरला होता. "काय झालं एकदम?" तो म्हणाला. काही झालं नाही, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. आतून काहीतरी उसळून यावं म्हणून ती वाट बघत होती. त्याऐवजी भांड्यांच्या स्टँडवर कोरडी झालेली भांडी दिसत होती आणि ती उचलावीत असं वाटत होतं. तिने उचलली.

शुक्रवार, शनिवार ती दवाखान्यात गेली, आवाज सोडले, आलेख काढले. सकाळच्या तपासणीला बाईंनी तिच्याऐवजी स्वतःचे कान दिले, "सर्दी जाऊ दे तुमची आधी" म्हणाल्या. दुपारी पेशंट नसताना ती एकदा त्या खोलीत जाऊन बसली, हेडफोन न लावता, दार ओढून घेऊन. आत स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. पुष्कळ पेशंटना ते सहन होत नाही, ते लगेच दार वाजवतात. तिला आपल्या माहेरची पायरी आठवली, मागच्या दाराची, जिथे ती शाळेतून आल्यावर दप्तर न काढता बसायची आणि आई आतून म्हणायची, "आत ये की." येते, म्हणायची आणि यायची नाही. कशासाठी बसायची? कशासाठीही नाही. शिंपी आजोबांना जे जमत नव्हतं ते तिला दहाव्या वर्षी झकास जमत होतं. मग ते कधी मोडलं, हे आठवायचा तिने प्रयत्न केला, पण असं काही मोडलं वगैरे नव्हतं. कुणी मारलं नव्हतं, छळ नव्हता, सासूबाईंनी तर तिच्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. दर वर्षी एक गादी वाढत गेली, एवढंच.

रविवारी सकाळी तिने कोरा कागद घेतला आणि यादी उलटी धरली. सगळ्यांत आधी आतली खोली आखली, तिच्यात पलंग आखला आणि पलंगावर, चिमी हाक मारते तसं, स्वतःला लिहिलं: आई. तिचं स्वतःचं अक्षर, तरी ओळखीचं वाटेना. शेजारी लिहिलं: बाबा. मग बाकीचे भरायला लागली तर ताई आणि त्यांचे यजमान उरले. आतली खोली नऊ वर्षं त्यांची होती, यजमानांच्या पाठीसाठी. आता त्यांना जागा होती ती हॉलमध्ये, खिडकीखाली. तिने तिथे दोघांची नावं लिहिली. खाली आणखी एक ओळ लिहिली: दुपारी दोन ते चार आतल्या खोलीचं दार बंद राहील. ही ओळ कुठून आली ते तिलाही कळलं नाही, पण खोडावीशी वाटली नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि मशीनला कपडे लावले.

अंगठे आले नाहीत. जावेने वाचल्याची खूण दिसली, दिरांची दिसली. दुपारी ताईंचा फोन आला.

"अगं, तुझा कागद चुकलाय," ताई म्हणाल्या, अगदी मायेने. "आम्हाला हॉलमध्ये टाकलंयस. घाईत झालं असेल."

"चुकला नाही, ताई."

"म्हणजे? ह्यांची पाठ माहितीये ना तुला?"

"माहितीये."

"मग? आणि आतल्या खोलीत तुम्ही दोघं? आठ दिवस? लोक येणार आणि घरचे दार लावून बसणार, असं कधी झालंय का आपल्याकडे?"

"नाही झालं."

"हे बघ, तू दमली असशील, मी समजू शकते. मी येऊन करीन ना काम, तू एक भांडं उचलू नकोस. पण झोपायचं नेहमीचंच राहू दे. नवा कागद टाक, मी काही बोलत नाही कुणाला. चालेल ना?"

हे "चालेल ना" ताई नेहमी शेवटी म्हणत, आणि त्यानंतर एवढीशी जागा सोडत, एका "हो"पुरती. ती जागा आता आली. तिला पलीकडचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. ताईंकडे नळ ठिबकत होता. यजमान दुसऱ्या खोलीतून खाकरले. ताईंची बांगडी फोनला घासली. नुसतं हो म्हटलं असतं, तर रविवार पूर्वीसारखा पुढे सरकला असता. नाही म्हटलं, तर ताई येणार नाहीत. ताई आल्या नाहीत तर सासूबाईंचा चेहरा पडेल, नवरा आठ दिवस जड पावलांनी फिरेल, आणि पुढची कित्येक वर्षं, अमक्या साली हिने कागद काढला आणि घराणं फुटलं, असं सांगितलं जाईल. हे सगळं तिला माहीत होतं, पाठ होतं. हाताचा अंगठा फोनच्या कडेवर होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"हॅलो?" ताई म्हणाल्या. "अगं, ऐकू येतंय ना?"

"येतंय, ताई," ती म्हणाली. "नीट येतंय. नाही चालणार."

पलीकडे नळ तीनदा ठिबकला. मग ताई म्हणाल्या, "बरं. मग आम्ही येत नाही," आणि फोन ठेवला. ती उभी होती तिथेच उभी राहिली. आता हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. अपराधीही वाटलं नाही. मशीनमधले कपडे थांबले होते, ते काढून वाळत घातले. नवऱ्याला ग्रुपवरून कळलं. "एवढ्याशा गोष्टीसाठी?" तो म्हणाला. ती म्हणाली, "एवढीशी आहे, तर तू ताईंना सांग ना." संध्याकाळी तो बाल्कनीत फोन घेऊन बराच वेळ येरझाऱ्या घालत होता. काय बोलला ते तिने ऐकलं नाही. म्हणजे ऐकू येण्याजोगं होतं, पण तिने खिडकी लावून घेतली.

ताई आल्या. दोन दिवस उशिरा, फुगलेल्या, आणि सोबत एक घडीची खाट घेऊन. ती खाट त्यांनी हॉलमध्ये खिडकीखाली अशा काही आवाजात उघडली की खालच्या मजल्यावरचे शेजारी काय पडलं ते विचारायला वर आले. यजमानांची पाठ, कळलं ते असं, की कडक खाटेवर बरी राहते, पलंगाच्या मऊ गादीनेच ती दुखायची. सासूबाई पहिल्याच दिवशी आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी चष्मा लावून आतल्या खोलीच्या दारापाशी उभं राहून कागद वाचला. चिमीने तो तिथे चिकटवला होता. पुष्कळ वेळ वाचला. त्यांचं बोट "आई" या नावाशी आलं आणि तिथे थांबलं, जणू ते आपलंच तर नाही ना, याची एकदा खात्री करून घ्यावी. मग त्या म्हणाल्या, "ह्या दाराला आतून कडी आहे का गं?"

"आहे."

"मग लावत जा," त्या म्हणाल्या आणि दिवाणावर जाऊन बसल्या.

ताई आल्या त्या दिवशी दुपारी दोन वाजता तिने कडी लावली आणि पलंगावर आडवी झाली. झोपायचं नव्हतं, नुसतं पडायचं होतं, आणि ते फार अवघड गेलं. घर दाराच्या फटीतून तसंच्या तसं आत येत होतं. स्वयंपाकघरात कुणीतरी ड्रॉवर उघडला, मग दुसरा. भांड्यांवर भांडं. दिरांचा आवाज, "गाळणं कुठे असतं?" जावेचा, "इथेच होतं." तिसरा ड्रॉवर. गाळणं वरच्या फळीवर होतं, डब्यामागे. तिचा अंगठा शेजारच्या बोटावर दाबला गेला, मग पुन्हा. पाय मात्र तिने पलंगावर ठेवले होते तसेच राहू दिले. "अगं, मामीला विचार ना जाऊन," ताईंचा आवाज आला, आणि त्यांच्या धाकट्या मुलीची पावलं पटपट दाराशी आली आणि थांबली. दारापलीकडे ती पोरगी श्वास घेत होती, तेही ऐकू येत होतं. ती वाचत असावी. मग पावलं परत गेली.

"मामी आत आहे," पोरगी म्हणाली.

"मग?"

"चार वाजेपर्यंत. कागदावर लिहिलंय."

ती उशीवर डोकं ठेवून, छताकडे बघत, ताईंच्या उत्तराची वाट बघत राहिली. छातीत काहीतरी धडधडायला लागलं होतं, तिला आधी कळलंच नाही की हे आपलंच.

"लिहिलंय ना?" ताई म्हणाल्या. "मग शोधा."

ड्रॉवर पुन्हा उघडले. एक खुर्ची ओढली गेली, कुणीतरी तिच्यावर चढलं, डबे सरकले, एक पडला आणि त्याचं झाकण गोल गोल फिरत बराच वेळ वाजत राहिलं. मग चिमी ओरडली, "सापडलं!" आणि मग वास आला, आलं किसून टाकलेल्या चहाचा, दाराखालून, अगदी नाकापाशी. तिच्या पोटात कळ आली. ती उठून बसली, पोटावर हात धरून, आणि काय होतंय हे समजायला तिला थोडा वेळ लागला. भूक लागली होती. घड्याळात अडीच वाजले होते. दार उघडायला अजून दीड तास होता, आणि तिला भूक लागली होती.